रविवारचे रहिवासी

द्वारकाबाई हांड्यांचा थोरला, हृषिकेश, आपल्याच घरी पाहुण्यासारखा यायचा. पाहुणा तरी बरा, तो आल्या आल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतो. हा एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी गाडीतून उतरायचा तो थेट पत्रपेटीकडे. आईकडे नाही, पेटीकडे. विजेचं बिल, बँकेचं पाकीट, जे काय पडलेलं असेल ते काढून दारासमोर धरायचं आणि मोबाइलवर फोटो. मग पाच वर्षांच्या ओवीला गावच्या शाळेची हॅट घालून फाटकाशी उभी करायची आणि पुन्हा फोटो. मग डिकीतून कचऱ्याच्या दोन गच्च पिशव्या काढून दारातल्या डब्यात टाकायच्या, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं, या घरात आठवडाभर चार माणसं जेवतात.

"अरे, कचरासुद्धा शहरातून आणतोस?" द्वारकाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला होता. "इथं कमी पडला का?"

"आई, तू जरा हळू बोल."

"कोण ऐकतंय? समोर गव्हाचं शेत आहे. त्याला मराठी येतं का?"

सून कादंबरी कोथरूडची. ती गाडीतून उतरताना आधी आभाळाकडे आणि मग चपलेकडे बघायची, आभाळ फार आणि फरशी कुठेच नाही, असं काहीतरी तिच्या तोंडावर असायचं. कोथिंबिरीच्या चार जुड्या ओट्यावर ठेवायची. दुपारी जेवणं झाली, की हृषिकेश घड्याळाकडे बघून म्हणायचा, "निघायला हवं, ट्रॅफिक लागेल." गेली की घरात पुन्हा द्वारकाबाई आणि वारा. नारायणगावच्या स्टँडसमोर त्यांनी अठरा वर्षं खानावळ चालवली. तिथं असं एखादं गिऱ्हाईक दोनदा आलं असतं, तर तिसऱ्यांदा त्यांनी त्याच्या ताटात पाणी ओतलं असतं. पण हे गिऱ्हाईक पोटचं होतं.

भानगड व्हिसाची होती. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं हृषिकेशला व्हिसा देताना अट घातली होती, की मोठ्या शहरात राहायचं नाही, लहान गावांकडे राहा, तिकडची वस्ती वाढवा, मग कायमचं राहू देऊ. सुरुवातीला तो ॲडलेडला, मॉसन लेक्स नावाच्या उपनगरात होता. ते त्या अटीत बसायचं आणि तिथं तो सरळ राहिला. मग मेलबर्नची नोकरी आली, पगार दीडपट झाला आणि मेलबर्न काही अटीत बसेना. तेव्हा साहेबांनी डोकं चालवलं. राहायचं मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरातल्या फ्लॅटमध्ये आणि कागदावर राहायचं पर्डी प्लेन्समध्ये, मेलबर्नपासून चार तासांवर, गव्हाच्या मैदानाच्या मधोमध. इथं एक घर स्वस्तात भाड्यानं घेतलं. पण बंद घर दिसतं. दिवा लागायला हवा, पडदा हलायला हवा, दोरीवर कपडे वाळायला हवेत. त्यासाठी माणूस लागतं. मग नारायणगावला फोन गेला, "आई, तू फार दगदग केलीस, आता माझ्याकडे आरामाला ये."

तिसरी शिकलेल्या द्वारकाबाईंना विमानतळापासून घरापर्यंतच्या रस्त्यातच कळून चुकलं होतं, की आपल्याला शेतातलं बुजगावणं म्हणून आणलंय. फक्त बुजगावण्याला साडी नेसवलीय.

पर्डी प्लेन्स त्यांच्या जिभेला झेपेना, त्या 'परडी' म्हणायच्या. गावाच्या वेशीला पाटी होती. तिच्यावर गावाचं नाव आणि खाली लोकसंख्या. तो आकडा कॉलिन नावाचा गहू पिकवणारा म्हातारा ब्रशनं रंगवायचा. कुणी मेलं, की मयताच्या चहापाण्यावरून लोक पांगायच्या आत कॉलिन पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन वेशीकडे निघालेला दिसायचा. गेली कित्येक वर्षं त्यानं आकडा कमीच केला होता. हांड्यांनी घर घेतलं आणि त्याला पहिल्यांदा चार वाढवायला मिळाले, तर गडी इतका खूश झाला, की चौघांच्या नावानं पबमध्ये बिअर पाजली. चौघांतल्या तिघांना त्याचा पत्ताही नव्हता.

एके काळी या गावात बाराशे माणसं होती. आता १८६. तीही निम्मी विधवा आणि निम्मी गुडघे बदललेली. चार पब होते, एक राहिला. तोही दोनदा जळाला. पहिल्यांदा खरा जळाला आणि दुसऱ्यांदा विम्यासाठी, असं सगळे सांगायचे आणि सांगताना पबच्या मालकाच्या पाठीवर थाप मारायचे. रेल्वे आली तेव्हा बँड वाजला होता. रेल्वे गेली तेव्हा कुणाला कळलंही नाही, फक्त एक दिवस रुळांवर मेंढ्या बसलेल्या दिसल्या. बँक गेली. चर्च मेलबर्नच्या एका जोडप्यानं विकत घेतलं आणि देव बसायचा तिथं गरम पाण्याचा टब बसवला. फुटबॉलची टीम शेजारच्या गावाच्या टीममध्ये विलीन केली, त्याला वीस वर्षं झाली, अजून दोन म्हातारे त्या कारणावरून एकमेकांशी बोलत नाहीत. डॉक्टर गुरुवारी येतो, म्हणून लोक गुरुवारी आजारी पडतात.

हे सगळं द्वारकाबाईंना सांगितलं मॉरीननं. मॉरीन शेजारीण, सत्तरीची, विधवा, गावच्या इतिहास मंडळाची अध्यक्ष. मंडळात ती धरून तिघी. ती इंग्रजीत बोलायची आणि तिचा फोन ते मराठीत करून सांगायचा. फोनमधली बाई इतकं शुद्ध मराठी बोलायची, की द्वारकाबाईंना तेही अर्धंच कळायचं. उरलेलं अर्धं मॉरीन हातवाऱ्यांनी सांगायची आणि तेच जास्त खरं असायचं.

दोघींची ओळख झाली ती डाळीवरून. आल्या आल्या द्वारकाबाईंनी कुकर लावला. सहा शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ गोट्यांसारखी. दुसऱ्या दिवशी दहा शिट्ट्या, तरी गोट्याच. चहा नासल्यासारखा. त्यांनी डँडेनॉन्गच्या वाण्याला पिशवीवरच्या नंबरवर फोन करून जुनी डाळ विकल्याबद्दल असं काही सुनावलं, की त्या बिचाऱ्या गुजरात्यानं नवी पिशवी फुकट पाठवली. तीही शिजेना. मग मॉरीन केक घेऊन स्वागताला आली आणि द्वारकाबाईंना नळाखाली किटली धरताना बघून किंचाळली. हाताला धरून त्यांना आपल्या परसात नेलं, पत्र्याच्या मोठ्या टाकीची तोटी सोडली आणि ओंजळ पुढे करायला लावली. पावसाचं पाणी. गोड. परडीत नळाला येतं ते जमिनीतलं खारट पाणी. त्यानं बाग शिंपायची, गाडी धुवायची, संडासात सोडायचं. पिणारा माणूस या गावात जन्मलेला नाही.

त्या दिवशी डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. हांड्यांच्या भाड्याच्या घरालाही टाकी होती, पण तिला बुडाशी भोक. कॉलिननं येऊन ते बुजवलं आणि मोबदल्यात दोन वाट्या आमटी प्यायला, घाम पुसत पुसत. हृषिकेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो येताना डिकीत पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊनच यायचा. बुजवलेल्या भोकाबद्दल द्वारकाबाईंनी एकदा सांगायला घेतलं, तर तो म्हणाला, "आई, ते घरमालक बघेल ना."

बाईंनी मात्र गावात पाय रोवले. शुक्रवारी, म्हातारी माणसं हिरवळीवर चेंडू घरंगळवायची त्या बोल्स क्लबच्या स्वयंपाकघरात त्यांची भजी असायची, बिनपगारी, आणि तिथं त्यांचा हुकूम चालायचा. "कम. सिट. ईट." या तीन शब्दांवर त्यांनी अख्खं गाव ताब्यात ठेवलं होतं. "नो टॉक, ईट," हा चौथा हुकूम, खास पबच्या मालकासाठी.

फक्त एका प्रश्नाला त्यांची जीभ जड व्हायची. मॉरीन विचारायची, मुलगा-सून कुठे? द्वारकाबाई म्हणायच्या, "ऑफिस. मेलबर्न. कमिंग." मॉरीन मान हलवायची. ओवी जानेवारीत इथल्या शाळेत येणार ना? शाळेत नऊ पोरं उरली होती, सरकार टाळं लावायला टपलं होतं. हृषिकेशनं एका रविवारी मॉरीनला स्वतः तोंडानं सांगितलं होतं, "ॲब्सोल्युटली, नो वरीज." त्या भरवशावर मॉरीननं दहावं नाव म्हणून ओवीचं नाव सरकारला कळवलं होतं. डँडेनॉन्गच्या शाळेत ओवीची ॲडमिशन झालेली द्वारकाबाईंना माहीत होती. तरी त्यांनी "येस" म्हटलं होतं. म्हणताना कढईतलं भजं जळलं होतं.

त्या सप्टेंबरात गावाला दीडशे वर्षं होत होती. मॉरीनच्या मंडळानं गावाच्या इतिहासाचं पुस्तक करायला घेतलं. त्यात प्रत्येक घराला एक पान. मूळ पुरुष पर्डी याला आठ पानं. या पर्डीनं सगळं मैदान मेंढ्यांसाठी अडवलं, गावाला आपलं नाव दिलं आणि स्वतः राहिला जिलाँगला, समुद्रासमोरच्या दोन मजली घरात. लोकर कापायच्या वेळेला यायचा, मेंढ्या मोजायचा, जायचा. त्याच्या आधी इथं जी माणसं हजारो वर्षं राहत होती, त्यांना पुस्तकात अर्धी ओळ होती, की ती 'कालांतराने दुसरीकडे गेली'.

"गेली? रिक्षा करून गेली का?" द्वारकाबाईंनी फोनमधल्या बाईला विचारलं.

मॉरीननं वही मिटली. मग म्हणाली, मंडळातल्या दुसऱ्या दोघींना तेवढीच ओळ हवी आहे, त्यांच्या आजोबांनी घेतलेली जमीन त्याच माणसांची होती. द्वारकाबाईंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मग पुस्तकाला इतिहास कशाला म्हणता, सातबारा म्हणा." फोनमधल्या बाईला सातबारा काही उलगडला नाही.

हृषिकेशला पुस्तकाचं कळलं आणि त्याला घबाड सापडल्यासारखं झालं. डिसेंबरात कायमच्या व्हिसाचा, म्हणजे पीआरचा, अर्ज टाकायचा होता. गावच्या छापील इतिहासात आपलं पान, शिवाय अध्यक्षांची सही असलेलं शिफारसपत्र, की हे कुटुंब इथं राहतं, यापुढे वकिलाचीही गरज नाही. तो रात्री बसून पान लिहिता झाला.

"वाच की मला," द्वारकाबाई फोनवर म्हणाल्या.

"इंग्लिशमध्ये आहे गं. तुला काय कळणार त्यात."

"मराठीत सांग मग. मी राहते इथं, काय चूक-बरोबर तेवढं सांगीन."

"आई, मी एमटेक आहे. एक पान लिहिता येतं मला. तू फक्त त्या दिवशी हॉलमध्ये बस आणि कुणी काही विचारलं तर येस म्हण. माझ्या चार वर्षांचा प्रश्न आहे. एवढं करशील ना?"

"करीन," द्वारकाबाई म्हणाल्या. आईनं दुसरं काय म्हणायचं असतं?

समारंभाच्या दिवशी गावचा हॉल भरला. बाहेरगावी गेलेली पोरं-नातवंडंही आली होती. परडीत जुनी रीत होती हजेरीची. मंचावरून एकेका घराचं नाव पुकारायचं, घरातलं कुणीतरी उभं राहायचं आणि गावाचं आपण कोणतं काम करतो ते एका वाक्यात सांगायचं. आगीच्या बंबावर असतो. दफनभूमीचं गवत कापते. टेनिस कोर्टाच्या किल्ल्या सांभाळतो. नव्यानं आलेल्या घरांनी वर जाऊन आपलं पान वाचायचं, मग टाळ्या आणि मग ते पान पुस्तकात. त्या वर्षी नवी घरं दोनच. एक पेट्रोल पंपावरच्या सरदारजीचं, दुसरं हांड्यांचं. सरदारजीनं दोन ओळी लिहिल्या होत्या, "आम्ही पहाटे उघडतो. टायरला हवा फुकट." हॉल टाळ्यांनी दणाणला.

मग हृषिकेश उठला. निळा कोट, कडक इस्त्री. पान वाचायला लागला. कादंबरी सासूच्या कानाशी हळूच मराठीत सांगत होती.

"म्हणतोय, या मोकळ्या आभाळानं आम्हाला आपलंसं केलं."

"हं. आभाळाला बरा हा सापडतो," द्वारकाबाई पुटपुटल्या.

"म्हणतोय, संध्याकाळी आम्ही तिघं गव्हाच्या शेतातून फिरायला जातो."

पुढच्या रांगेतल्या कॉलिननं मान वळवून बायकोकडे पाहिलं. उभ्या गव्हातून फिरायला येणाऱ्याला तो बंदूक दाखवायचा.

"म्हणतोय, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाचं थंड, गोड पाणी पितो, तेव्हा वाटतं, शहरानं आपल्याला किती वर्षं फसवलं..." कादंबरी पुढचं वाक्य ऐकायला थांबली. तिच्या लक्षात आलं नव्हतं, पण हॉलच्या लक्षात आलं होतं. आधी एक खुर्ची करकरली. मग कुणीतरी खोकल्यासारखं केलं.

"विच टॅप, मेट?" कॉलिननं बसल्या जागेवरून विचारलं.

हृषिकेश हसला. त्याला वाटलं, आपुलकीनं विचारतायत. "किचन टॅप!" तो म्हणाला. "ब्युटिफुल वॉटर!"

हॉल असा फुटला, की भिंतीवरचा पर्डीचा फोटो हलला. पबचा मालक डोळे पुसत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "तरीच याचा रंग उतरत नाही!" आणि लोक पुन्हा हसले. कादंबरीनं ते मराठीत सांगितलं नाही, तरी द्वारकाबाईंना कळलं. ओरडणाऱ्याकडे त्यांनी वळून असं पाहिलं, की त्याचं तोंड बंद झालं. शुक्रवारी या माणसाला भजी मिळणार नव्हती, ते तिथंच ठरलं.

हृषिकेश मंचावर उभा होता. हसू ओठांवर तसंच चिकटलेलं. नक्की काय चुकलं, ते त्याला अजूनही कळलं नव्हतं. आणि लहानपणी खेळताना काच फुटल्यावर तो जसा वळून बघायचा, तसा आईकडे बघत होता.

मॉरीन हसली नव्हती. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हॉल हळूहळू शांत झाला. "द्वारका," ती म्हणाली, फोन न काढता, एकेक शब्द सुटा करून, "डू दे लिव्ह हिअर?"

एवढं इंग्रजी बाईंना येत होतं. उत्तरही येत होतं. एक शब्दाचं. तो शब्द म्हटला असता, तर मॉरीननं टाळी वाजवली असती, पान छापलं असतं, सही दिली असती. मॉरीन मैत्रिणीच्या शब्दाखातर नळाचं पाणीही गोड म्हणाली असती. आणि जानेवारीत शाळेच्या दारात उभी राहून दहाव्या पोरीची वाट बघत बसली असती.

द्वारकाबाई उठल्या. पदर खांद्यावरून पुढे घेतला.

"आय लिव्ह हिअर," त्या म्हणाल्या. मग मंचाकडे बोट केलं. "दे कम. संडे. लंच. गो."

कुणीही हसलं नाही. मॉरीननं त्यांच्याकडे पाहिलं. मग शाळेच्या बाई बसल्या होत्या तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "थँक यू, द्वारका," एवढंच म्हणाली. मग मंचावर वळून, मुलाला सांगावं तसं, "यू कॅन सिट डाउन, लव्ह." आणि पुढच्या घराचं नाव पुकारलं.

बाहेर गाड्या लावलेल्या लाल मातीत हृषिकेशनं आईला गाठलं. कोट काखेत, कॉलर घामानं ओली. कादंबरी ओवीला घेऊन मागे येत होती, मुद्दाम हळूहळू.

"आई, तुला कळतंय का तू काय केलंस? पीआर गेलं माझं! चार वर्षं! चार वर्षं मी..."

"मी कुणा साहेबाकडे गेले का तुझी चहाडी करायला? शेजारणीनं विचारलं, तिला सांगितलं."

"एक येस म्हणता येत नव्हतं? एक शब्द! आधी म्हणत होतीस की सगळ्यांना!"

"म्हणत होते. पोरीच्या शाळेलासुद्धा येस म्हटलं मी, त्या बाईच्या तोंडावर. ते निस्तरायला मला उद्या तिच्या दारात जायचंय. तू नाहीस जाणार."

"हे कसलं गाव आहे, आई? दोनशे माणसं नाहीत इथं! या लोकांसाठी तू मला, स्वतःच्या मुलाला..."

"हृषा." त्यांनी आवाज चढवला नाही. खानावळीत फुकट जेवून पळणाऱ्याला त्या याच आवाजात दारातून परत बोलवायच्या. कादंबरी मागेच थबकली. "लबाड माणसांचं मला काही नवल नाही. अठरा वर्षं जेवू घातलीत मी. ट्रकवाले, दलाल, दोन नवऱ्यांच्या बायका, पोलिस. एकेकाचं खोटं ऐकत राहावं असं. पण ती मेहनतीची माणसं होती, खोटं बोलायच्या आधी चार जणांना विचारून, सगळं बघून यायची. तुझं तसं नाही. तुला गावही फुकट हवं आणि खोटंही फुकट हवं, आणि तेही ट्रॅफिक लागायच्या आत. वर्षभरात सलग आठ दिवस इथं काढले असतेस, तर आज तुझ्या खोट्याला मी स्वतः उभी राहून टाळी वाजवली असती. तू लबाड आहेस म्हणून नाही बोलले मी आत. तू आळशी आहेस म्हणून बोलले. आणि असलं आळशी माणूस माझ्या गावात मी धरत नाही."